रूपकं ओळखून संशोधन कसं करावं: उद्योजकता आणि व्यवस्थापनाच्या नव्या अभ्यासकांसाठी

उद्योजकतेवरचे पाच-दहा शोधनिबंध ओळीने वाचले की काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. संधीचा शोध, स्टार्टअपची परिसंस्था, उद्योजकाचा प्रवास, कंपनीचं बाल्य, ज्ञानाचं हस्तांतरण. नवा अभ्यासक या शब्दांच्या व्याख्या टिपून घेतो आणि पुढे सरकतो. माझा आग्रह आहे की त्याने तिथेच थोडा वेळ थांबावं. यातला प्रत्येक शब्द दुसऱ्या कुठल्या तरी क्षेत्रातून उचललेला आहे आणि येताना त्या क्षेत्रातले प्रश्न आणि कार्यकारणभाव बरोबर घेऊन आला आहे. तुम्ही काय मोजणार, कोणाला प्रश्न विचारणार, कोणती गोष्ट तुमच्या लक्षातच येणार नाही, हे बरंचसं तिथे ठरून जातं. प्रबंधाचा विषय ठरण्याआधी हे कळलेलं बरं. नंतर कळलं तर प्रश्नावली भरून झालेली असते.

रूपक म्हणजे भाषेचा अलंकार, हे आपण शाळेत शिकलो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये मांडलं की रूपक आधी विचारात असतं आणि मग बोलण्यात उतरतं. त्याच वर्षी गॅरेथ मॉर्गन यांनी संघटनांच्या सिद्धान्तांबद्दल असाच मुद्दा पुढे आणला: संस्थेकडे यंत्र म्हणून पाहायचं की सजीव म्हणून, यावर संशोधकाचं सगळं कोडं अवलंबून असतं.

रूपक विचार कसा घडवतं, हे समजायला मला सगळ्यात उपयोगी पडलेलं उदाहरण रंगाच्या ब्रशचं आहे. डोनाल्ड शॉन यांनी ते 1979 मध्ये लिहून ठेवलं. कृत्रिम केसांचा नवा ब्रश सुधारण्याच्या कामावर काही संशोधक होते. नैसर्गिक केसांचा ब्रश सारखा, गुळगुळीत थर देत होता आणि कृत्रिम केसांच्या ब्रशने रंग मध्येच जाड, मध्येच विरळ बसत होता. केसांची टोकं चिरून पाहिली, केसांची जाडी बदलून पाहिली, फरक पडेना. मग त्यांच्यातला एक जण म्हणाला, ब्रश हा एक प्रकारचा पंपच आहे की! ब्रश भिंतीवर दाबला की दोन केसांमधल्या फटींतून रंग बाहेर ढकलला जातो. हे ऐकल्याबरोबर सगळ्यांची नजर केसांवरून उठली आणि फटींवर गेली. मग दिसलं की नैसर्गिक केस हळूहळू कमान घेत वाकतात, तर कृत्रिम केस एका जागी जवळजवळ कोन करून मोडल्यासारखे वाकतात. तिथे फट चिमटली जाते आणि रंगाचा ओघ बिघडतो. हा कोन आधीही समोरच होता. पंप हा शब्द येईपर्यंत तो कोणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. शॉन अशा रूपकाला प्रसवशील म्हणत, कारण ते नवं काहीतरी जन्माला घालतं.

आता कामाला लागू.

पायरी 1: वाक्यातलं रूपक पकडा

रूपक ओळखण्याची एक शिस्तशीर पद्धत 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. ती प्रॅगलजॅझ गटाच्या नावाने ओळखली जाते. दहा अभ्यासकांच्या पहिल्या नावांची आद्याक्षरं जुळवून हे नाव बनलं आहे. पद्धत सोपी आहे. आधी मजकूर पूर्ण वाचा. मग शब्दागणिक थांबा आणि दोन गोष्टी विचारा: या संदर्भात शब्दाचा अर्थ काय, आणि या शब्दाचा याहून मूलभूत, डोळ्यांना दिसणारा किंवा शरीराला जाणवणारा अर्थ आहे का? दोन्ही अर्थ वेगळे असतील आणि पहिला अर्थ दुसऱ्याशी तुलना करूनच कळत असेल, तर शब्दावर खूण करा.

करून पाहू. पुढचं वाक्य मी तयार केलं आहे, पण असं वाक्य तुम्हाला कुठेही भेटेल: "मृत्यूच्या दरीत सापडलेल्या स्टार्टअपला परिसंस्थेतून वेळेवर बळ मिळालं तर त्याची वाढ खुंटत नाही." पैसे संपत आलेत आणि विक्री सुरू झालेली नाही, अशा काळाला इथे दरी म्हटलंय. कंपनी बंद पडणं म्हणजे मृत्यू. गुंतवणूकदार, सल्लागार, सरकारी योजना, विद्यापीठं यांच्या जाळ्याला परिसंस्था. पैसा किंवा ओळखीपाळखी म्हणजे बळ. विक्री किंवा कर्मचारी वाढणं म्हणजे वाढ, आणि तसं न होणं म्हणजे खुंटणं.

आता खुणा केलेले शब्द एकत्र ठेवून पाहा. एकाच वाक्यात दोन चित्रं आहेत. एक दरी ओलांडणाऱ्या वाटसरूचं, दुसरं रुजणाऱ्या रोपाचं. वाटसरूचं चित्र धरलं तर पलीकडचा काठ आधीपासूनच आहे आणि प्रश्न एवढाच उरतो की तिथवर पैसे पुरतील का. रोपाचं चित्र धरलं तर पोषण कुठून येतं हा प्रश्न होतो. हा व्यवसाय वाढावाच का, आहे त्या आकारात तो नीट चालू शकत नाही का, हा प्रश्न मात्र दोन्ही चित्रांत उद्भवत नाही. लहान राहणं पसंत करणाऱ्या मालकांवर संशोधन करायला निघालेला माणूस हीच भाषा वापरू लागला, तर त्याचे प्रतिसादक त्याला खुंटलेले दिसतील.

सुरुवातीला हा सराव छापलेल्या शोधनिबंधाच्या सारांशावर करा. सारांश छोटा असतो आणि लेखकाने त्यातला शब्द न् शब्द तोलून घातलेला असतो. रूपकं तिथे दाटीने सापडतात.

पायरी 2: शब्द कुठून आला ते शोधा

परिसंस्था हा शब्द घ्या. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्स्ली यांनी इंग्रजीत तो 1935 मध्ये रूढ केला. सजीव आणि त्यांच्याभोवतीचा निर्जीव परिसर मिळून एकच व्यवस्था होते, हे त्यांना सांगायचं होतं. व्यवसायांच्या संदर्भात तो गाजला जेम्स मूर यांच्या 1993 च्या लेखामुळे. मधल्या प्रवासात काय गळलं आणि काय चिकटलं, ते तपासा. जंगलातल्या परिसंस्थेचा कोणी मालक नसतो आणि तिचा आराखडाही कोणी काढलेला नसतो. व्यवस्थापनाच्या लेखनात मात्र परिसंस्थेला सर्रास नेतृत्व करणारी कंपनी असते, नियम ठरवणारा मंच असतो. म्हणजे शब्द निसर्गातला, पण त्यातली सत्ता माणसांची. कोण कोणाला नियम लावतो याबद्दल तुम्हाला लिहायचं असेल तर हा शब्द ती सत्ता नैसर्गिक वाटायला लावतो, हे ध्यानात ठेवूनच तो वापरा.

काही उगम निव्वळ योगायोगाचे असतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावी शेतीची अवजारं बनवणारा मोठा कारखाना बंद पडला होता. 1959 मध्ये त्याची इमारत छोट्या व्यवसायांना भाग पाडून भाड्याने द्यायला सुरुवात झाली. भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्लं उबवणारा एक व्यवसाय होता. त्यावरून जागेचे चालक जोसेफ मॅन्क्युसो गमतीने म्हणू लागले की आम्ही इथे व्यवसाय उबवतो. त्यातून इन्क्युबेटर हे नाव पडलं. गमतीत पडलेलं नाव पुढे धोरणांत आणि संशोधनात गेलं आणि त्यासोबत एक गृहीतकही गेलं: आतलं अंडं निष्क्रिय आहे, बाहेरची ऊब नेमकी हवी आणि ठराविक मुदतीनंतर पिल्लू बाहेर पडलं पाहिजे. इन्क्युबेटरमधले उद्योजक एकमेकांकडून काय शिकतात हे अभ्यासायचं असेल, तर उबवण्याचं चित्र फारसं कामाचं नाही. अंडी एकमेकांना काही शिकवत नाहीत.

पायरी 3: रूपकाने प्रश्न कसा बदलला ते पाहा

ही पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

मायकेल हॅनन आणि जॉन फ्रीमन यांचा संघटनांच्या लोकसंख्या-परिस्थितिकीवरचा निबंध 1977 चा. परिस्थितिकी म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातल्या नात्यांचा अभ्यास. त्याआधीचा रूढ प्रश्न असा होता: बदलत्या परिस्थितीशी संस्था कशा जुळवून घेतात? या दोघांनी जीवशास्त्रातला प्रश्न उचलला: संस्थांचे इतके प्रकार का आहेत? प्राण्यांचे इतके प्रकार का, हा परिस्थितिकीत आधीच विचारला गेलेला प्रश्न त्यामागे होता. एकदा असं विचारलं की एकट्या कंपनीकडे आणि तिच्या हुशार व्यवस्थापकाकडे पाहून भागत नाही. एकाच प्रकारच्या सगळ्या संस्था मिळून समुच्चय, त्यात दरवर्षी किती जन्मल्या, किती मेल्या, परिस्थितीने कोणत्या निवडल्या, हे मोजावं लागतं. जुळवून घेणारा नायक मागे पडला आणि निवड करणारी परिस्थिती पुढे आली. रूपकाने अभ्यासाचा विषयच बदलला.

याची किंमत कुठे मोजावी लागते? माहितीच्या तक्त्यात. जन्म आणि मृत्यू म्हटलं की प्रत्येक कंपनीसमोर तारीख लिहावी लागते. दुसऱ्या कंपनीने विकत घेतली तर तो मृत्यू का? संस्थापकाने चांगली किंमत घेऊन समाधानाने विकली असेल तर? नाव बदललं, मालक बदलला, माणसं आणि यंत्रं तीच राहिली तर? निवृत्तीमुळे, कोणतंही कर्ज न ठेवता दुकान बंद केलं तर? नोंदणीच्या सरकारी यादीतून नाव गेलं एवढंच पाहून या सगळ्यांसमोर मृत्यू लिहिला, तर यशस्वी विक्री आणि दिवाळखोरी एकाच रकान्यात बसतात. बाहेर पडणं आणि अपयशी ठरणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात, हे आता उद्योजकतेच्या संशोधनात मान्य झालंय. तुम्ही दुय्यम, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच गोळा केलेली माहिती वापरणार असाल तर यादी तयार करणाऱ्याने मृत्यू कशाला म्हटलंय, हे पहिल्याच दिवशी शोधा.

सजीवांच्या रूपकाबद्दल अर्थतज्ज्ञ एडिथ पेनरोज यांनी 1952 मध्येच इशारा दिला होता. कंपनीला जीवनचक्र लावलं, नैसर्गिक निवड लावली, की माणसांचे हेतुपुरस्सर घेतलेले निर्णय दिसेनासे होतात, हा त्यांचा आक्षेप. कंपनी म्हातारी होते कारण म्हातारं होणं तिच्या अंगातच आहे, असं म्हटलं की कोणी कोणता निर्णय का घेतला हे विचारायची गरज उरत नाही. पेनरोज यांचा निबंध आणि हॅनन-फ्रीमन यांचा निबंध एका आठवड्यात, एकामागोमाग वाचा. आधी पेनरोज, म्हणजे पुढचा निबंध तुम्ही सावध डोळ्यांनी वाचाल.

पायरी 4: एकाच गोष्टीवरची दोन रूपकं समोरासमोर ठेवा

उद्योजकतेतला सगळ्यात गाजलेला वाद संधीबद्दलचा आहे, आणि मुळात तो दोन चित्रांमधला वाद आहे. इझ्राएल कर्झनर यांनी 1973 मध्ये सजग उद्योजकाची कल्पना मांडली: बाजारात किमतींची तफावत पडलेली असते, इतरांच्या नजरेतून ती सुटते आणि सजग माणसाला दिसते. स्कॉट शेन आणि एस. वेंकटरामन यांनी 2000 मध्ये संधीचा शोध, मूल्यमापन आणि वापर हाच या ज्ञानशाखेचा गाभा ठरवला. शेरॉन अल्वारेझ आणि जे बार्नी यांनी 2007 मध्ये दोन्ही बाजूंना एकेक चित्र दिलं. शोधाच्या बाजूला गिर्यारोहण: डोंगर आहेच, कोणीतरी चढून जायची वाट पाहतो आहे. निर्मितीच्या बाजूला डोंगर उभारणं: उद्योजकाने काही करेपर्यंत तिथे डोंगरच नाही.

सरस सरस्वती यांनी 2001 मध्ये स्वयंपाकाचं उदाहरण घेऊन जवळचाच फरक दाखवला. एक आचारी ठरलेला पदार्थ डोक्यात ठेवून सामान आणतो. दुसरा कपाट उघडतो, आहे त्यातून काय करता येईल ते पाहतो. अनुभवी उद्योजक बऱ्याचदा दुसऱ्यासारखे वागतात, असं त्यांनी मांडलं. त्यामागे 27 उद्योजकांचा अभ्यास होता. एका काल्पनिक व्यवसायाचे प्रश्न सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला त्यांना सांगितलं होतं.

तुमच्या कामात याचा फरक कुठे पडतो, ते प्रश्नावलीत दिसेल. "ही संधी तुम्हाला पहिल्यांदा केव्हा लक्षात आली?" हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात डोंगर आधीपासून उभा आहे. उत्तर देणारा मागे वळून एक क्षण शोधून काढतो आणि तुमच्या तक्त्यात सजगतेचा आकडा येतो. त्याऐवजी "सुरुवातीच्या काही महिन्यांत तुम्ही काय काय करत होता?" असं विचारलं तर चुकलेले प्रयत्न, ओळखीतून आलेली पहिली मागणी, मध्येच बदललेलं उत्पादन असं सगळं बाहेर येतं. पहिल्या प्रश्नाने शोधाच्या सिद्धान्ताला पुरावा मिळतो, दुसऱ्याने निर्मितीच्या. दोन्ही प्रश्न एकाच मुलाखतीत विचारायचे असतील तर मोकळा प्रश्न आधी ठेवा. क्षणाचा प्रश्न आधी विचारलात तर पुढची सगळी कहाणी त्या क्षणाभोवती रचली जाते.

पायरी 5: रूपक मुद्दाम बदलून पाहा

मॉर्गन यांनी 1986 च्या पुस्तकात संस्थेची आठ चित्रं दिली: यंत्र, सजीव, मेंदू, संस्कृती, राजकीय व्यवस्था, मनाचा तुरुंग, सततचा प्रवाह आणि वर्चस्वाचं साधन. तुमची एक केस घ्या. समजा, वाढत्या स्टार्टअपमधून संस्थापकालाच पायउतार व्हावं लागलं. यंत्राच्या नजरेने हा भाग बदलण्याचा प्रश्न आहे, राजकीय नजरेने गुंतवणूकदारांच्या मतांचा आणि संस्कृतीच्या नजरेने सुरुवातीची माणसं आणि नंतर आलेली माणसं यांच्यातल्या रीतिभातींचा. प्रत्येक चित्रातून एकेक प्रश्न लिहा, फक्त एक. आठही प्रश्न प्रबंधात घालायचा मोह आवरा. ज्या प्रश्नाला उत्तर देणारी माहिती तुम्हाला खरोखर मिळू शकते, तो ठेवा.

रूपक बदलल्याने काय होतं याचं नेतृत्वाच्या अभ्यासातलं उदाहरण बोलकं आहे. स्त्रियांच्या बढतीतला अडथळा सांगायला काचेचं छत ही प्रतिमा 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आली. छत म्हटलं की अडथळा एकच, तो वर, शेवटच्या टप्प्यावर आणि सगळ्यांना सारखा. ॲलिस ईगली आणि लिंडा कार्ली यांनी 2007 मध्ये त्याऐवजी चक्रव्यूह सुचवला. आता अडथळे वाटेत जागोजागी आहेत, पहिल्या नोकरीपासून आहेत, आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. छताच्या चित्रात तुम्ही संचालक मंडळांतल्या स्त्रिया मोजता. चक्रव्यूहात तुम्हाला संपूर्ण कारकीर्द उलगडावी लागते. माझ्या मते दुसरं चित्र संशोधनाला अधिक सकस आहे, पण आंदोलनाला छत जास्त उपयोगी पडलं असेल, कारण ते फोडता येतं.

पायरी 6: रूपकापाशी थांबू नका, त्यातून यंत्रणा काढा

इथे बरेच प्रबंध फसतात. आकर्षक रूपक शीर्षकात येतं, प्रस्तावनेत रमतं आणि पुढे त्याचा काही उपयोग होत नाही. कंपनी म्हणजे जहाज, कंपनी म्हणजे वाद्यवृंद, बरं मग?

पुढे कसं जायचं ते मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सेन यांच्या 1972 च्या निबंधात पाहा. विद्यापीठांसारख्या संस्थांत निर्णय कसे होतात, यासाठी त्यांनी कचऱ्याच्या डब्याचं रूपक घेतलं. निर्णयाची प्रत्येक वेळ हा एक डबा आणि लोक त्यात समस्या आणि उत्तरं टाकत जातात. पण ते तिथे थांबले नाहीत. समस्या, उत्तरं, माणसं आणि निर्णयाच्या वेळा असे चार प्रवाह त्यांनी वेगळे केले, ते एकमेकांना कधी आणि कुठे भेटतात याचे नियम लिहिले आणि फोर्ट्रान भाषेत संगणकीय प्रतिकृती चालवली. तीतून दिसलं की समस्या सोडवून झालेले निर्णय तुलनेने कमी आणि समस्येकडे दुर्लक्ष करून किंवा ती दुसऱ्या डब्याकडे निघून गेल्यावर झालेले निर्णय जास्त. आता रूपक काढून टाकलं तरी चार प्रवाह आणि त्यांचे नियम शिल्लक राहतात. हीच कसोटी तुमच्या मसुद्याला लावा. रूपकाचा शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा लिहून पाहा. सांगण्यासारखं काही उरलं तर सिद्धान्ताची सुरुवात झाली आहे.

उद्योजकतेत टेड बेकर आणि रीड नेल्सन यांचं 2005 चं काम असंच वाचा. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 1962 मध्ये वापरलेली ब्रिकोलाजची कल्पना, म्हणजे हाताशी पडलेल्या वस्तूंतून जुगाड करून काम साधणं, त्यांनी साधनांची चणचण असलेल्या 29 व्यवसायांत नेऊन पाहिली. त्यांना असं आढळलं की हरेक गोष्टीत जुगाड करत राहणारे व्यवसाय त्यातच अडकतात आणि निवडक जागीच तो करणारे पुढे वाढू शकतात. हा निष्कर्ष मूळ रूपकात नव्हता. तो क्षेत्रात जाऊन मिळवलेला आहे.

पालकत्वाचं रूपक तर प्रयोगशाळेपर्यंत गेलं. मेलिसा कार्डन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये व्यवसाय म्हणजे अपत्य ही कल्पना सविस्तर मांडली आणि उद्योजकाची ओढ, ओळख, आसक्ती यांच्याकडे लक्ष वेधलं. 2017 मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी उद्योजकांना त्यांच्या कंपनीची आणि वडिलांना त्यांच्या मुलांची चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले, आणि प्रतिसादांत साम्य आढळलं. रूपकाचं गृहीतक झालं, गृहीतकाची चाचणी झाली. तरीही रूपकाची मर्यादा कायम राहते: विकायच्या बेताने कोणी मूल वाढवत नाही, आणि व्यवसाय मात्र अनेक जण त्याच बेताने सुरू करतात.

शास्त्राने रूपकं वापरावीतच का, यावरही वाद झडला आहे. क्रेग पिंडर आणि वॉरन बुर्जुआ यांनी 1982 मध्ये म्हटलं की रूपकांमुळे संकल्पना ढिसाळ राहतात, त्यांना आवर घाला. मॉर्गन यांनी पुढच्याच वर्षी उत्तर दिलं की आवर घालणं शक्य नाही, कारण शास्त्राची भाषाही रूपकांनीच विणलेली आहे. मला मॉर्गन पटतात. पण मसुदा तपासताना मी पिंडर आणि बुर्जुआ यांचीच बाजू घेतो आणि तुम्हीही घ्यावी असं सांगेन.

पायरी 7: लोकांच्या तोंडची रूपकं वेगळी ठेवा

आतापर्यंत बोललो ते संशोधकाच्या रूपकांबद्दल. उद्योजक स्वतः बोलताना वापरतात ती रूपकं हा वेगळा ऐवज आहे. सारा ड्राकोपुलू डॉड यांनी 2002 मध्ये अमेरिकी उद्योजकांच्या जीवनकथांतून अशी रूपकं गोळा केली. त्यांत प्रवास, युद्ध, बांधकाम, पालकत्व अशी रूपकं होती. योप कॉर्नेलिसन, जीन क्लार्क आणि ॲलन चिएंकी यांनी 2012 मध्ये बोलण्याच्या जोडीला हातवारेही तपासले, कारण नव्या कल्पनेला पाठिंबा मिळवताना माणूस हातांनीही बरंच सांगतो.

असं काम करताना तीन पथ्यं पाळा. पहिलं, रूपक प्रश्नात पेरू नका. "तुमच्या उद्योजकीय प्रवासाबद्दल सांगा" असं विचारून नंतर प्रतिसादकांनी प्रवासाचं रूपक वापरलं असा निष्कर्ष काढणं म्हणजे आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू येणं. "हा व्यवसाय कसा सुरू झाला, ते सांगा" एवढं पुरे. दुसरं, मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत तिचं लिखित रूप तयार करा आणि रूपकांचं वर्गीकरण त्यावरच करा. भाषांतरात पहिल्यांदा रूपकंच सपाट होतात. तिसरं, रुळलेल्या शब्दावरून माणसाच्या मनात शिरू नका. कोणी स्पर्धकाला टक्कर दिली असं म्हणालं म्हणून तो व्यवसायाला युद्ध समजतो असं होत नाही. तोच माणूस पुढे सैन्य, माघार, शत्रूचा गड असं बोलत त्याच चित्रात राहतो का, ते पाहा. एकाच चित्रातले शब्द सलग येऊ लागले तर लिहिण्यासारखं काही आहे.

पायरी 8: दावा पुराव्याएवढाच ठेवा

रूपकं विचार घडवतात हे एकदा पटलं की ती सगळंच ठरवतात असं वाटू लागतं. ते टाळा. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी 2011 मध्ये एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीची माहिती लोकांना वाचायला दिली. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी म्हणजे हिंस्र पशू होता, काहींच्या मजकुरात विषाणू. पशूवाल्यांनी पोलिसी उपाय अधिक सुचवले, विषाणूवाल्यांचा कल सामाजिक सुधारणांकडे तुलनेने जास्त होता. आणि कारण विचारलं तर बहुतेकांनी मजकुरातल्या आकडेवारीकडे बोट दाखवलं. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. 2014 मध्ये गेरार्ड स्टीन आणि सहकाऱ्यांनी त्याच धर्तीवर प्रयोग केले, तेव्हा रूपकाचा असा परिणाम त्यांना आढळला नाही, ही बाजू मात्र क्वचितच कोणी सांगतं. तुमच्या प्रबंधात दोन्ही कामांचा उल्लेख हवा.

एखाद्या शब्दाने सगळ्या क्षेत्राची दिशा बदलली असा दावा करायचा असेल, तर त्याआधीचे आणि नंतरचे निबंध घ्या आणि तीन गोष्टी तपासा: संशोधनाचे प्रश्न बदलले का, मोजलेले चल बदलले का, नमुन्यात कोण आलं आणि कोण गळलं. हे बदललेलं दाखवता आलं तर दावा टिकतो. नाहीतर फक्त शब्द बदलला आहे, असंच लिहा.

रोजच्या कामासाठी एक वही किंवा फाइल वेगळी ठेवा. वाचलेल्या प्रत्येक निबंधासाठी चार ओळी: मुख्य रूपक कोणतं, ते कुठून आलं, त्यामुळे काय मोजलं गेलं आणि कशाकडे पाहायचं राहून गेलं. चौथी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. आढावा लिहायला बसाल तेव्हा पहिल्या तीन ओळी बाजूला ठेवा आणि सगळ्या चौथ्या ओळी एका पानावर उतरवून काढा. तीच गोष्ट तीन-चार निबंधांत पुन्हा पुन्हा राहून गेलेली दिसली, तर मार्गदर्शकांना भेटायला जाताना ते पान सोबत न्या.